केस पेपरवरचे एक वाक्य : सौम्य विस्मरणाची नोंद आणि कोडिंग

माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, दवाखान्याच्या बोलीत एमसीआय, ही वयोमानाचे विसरणे आणि डिमेन्शिया यांच्या मधल्या पट्ट्यातली अवस्था आहे. स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन, दिशाभान यांपैकी निदान एक गोष्ट पूर्वीपेक्षा उणावलेली असते. ते त्या माणसाला, घरच्यांना किंवा डॉक्टरांना जाणवलेले असते आणि चाचणीतही दिसते. तरीही रोजचे व्यवहार त्याच्याच हातून होत असतात, फार तर थोडे संथपणे. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत या मधल्या पट्ट्याला जागा नाही. बहुतेक केस पेपरांतही ती नसते. तिथे एक तर काहीच लिहिलेले नसते, किंवा ‘विसरतात’ एवढा एक शब्द असतो, किंवा एकदम ‘डिमेन्शिया’.

मेडिकल कोडिंग म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ठरलेला संकेत देणे. कोडर रुग्णाला पाहत नाही, तो फक्त कागद पाहतो. त्यामुळे एमसीआयच्या कोडिंगमध्ये चूक होते ती बहुतेक वेळा कोडरच्या टेबलावर नव्हे, तर त्याआधी, तपासणीच्या खोलीत. कागदावर बदल किती आणि रोजचे व्यवहार कसे, हे एक वाक्य नसेल तर कोणताही कोडर बरोबर संकेत देऊ शकत नाही.

पाटस हे दौंड तालुक्यातले, पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव. गावाला रेल्वे स्थानक आहे, भीमा सहकारी साखर कारखाना आहे, आणि इथूनच बारामतीचा रस्ता फुटतो. इथल्या वयस्कर माणसाची तब्येतीची वाट साधारण ठरलेली असते : आधी गावातला फॅमिली डॉक्टर, मग दौंडचे उपजिल्हा रुग्णालय किंवा यवतचे ग्रामीण रुग्णालय, पुढे बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाहीतर पुण्याचे ससून, किंवा पुण्यातले एखादे खासगी रुग्णालय. या प्रवासात माणसाबरोबर फिरते ती प्लास्टिकची पिशवी. तिच्यात चिठ्ठ्या, रिपोर्ट, एक्स-रे, चुरगळलेली बिले. एमसीआयच्या निदानाला ‘पूर्वी कसे होते’ हे कळणे अत्यावश्यक असते आणि पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्टकडे या कागदांखेरीज ते कळण्याचा फारसा मार्ग नसतो. माणसाला वीस वर्षे ओळखणारा डॉक्टर गावातच असतो. म्हणून या आजारात सर्वांत मोलाची नोंद मोठ्या रुग्णालयाची नसून गावातल्या दवाखान्याची असते, आणि तीच सर्वांत तोकडी असते.

नोंदीत काय हवे

एमसीआयचे निकष १९९९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी मांडले. त्यांचा भर स्मरणावर होता. २००३ मध्ये स्टॉकहोमला झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीनंतर ही व्याख्या रुंदावली : स्मरणदोष असलेला आणि नसलेला, एकाच क्षमतेपुरता आणि अनेक क्षमतांमधला, असे प्रकार पडले. मानसिक विकारांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत हीच अवस्था ‘माइल्ड न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर’ या नावाने आली. नावे बदलली तरी गाभा तोच राहिला : घट आहे, ती दिसते, आणि स्वावलंबन टिकून आहे.

नोंदीची सुरुवात तक्रारीपासून करावी, आणि तक्रार कोणाची हेही लिहावे. ‘रुग्ण विसरतो’ या वाक्याचा कर्ता हरवलेला असतो. ‘दोन वर्षांपासून हळूहळू वाढत गेलेले विसरणे, माहिती सुनेकडून, सून एकाच घरात राहते’ असे लिहिले की वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात : काळ, वेग आणि साक्षीदार किती जवळचा. विसरणे अचानक सुरू झाले असेल, किंवा दिवसातून कमीजास्त होत असेल, तर ते ठळक लिहावे, कारण तिथे डिलिरियम (अचानक येणारा मानसिक गोंधळ), पक्षाघात किंवा औषधांचा परिणाम यांचा विचार आधी करावा लागतो. मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि महिन्यातून एकदा येत असेल, तर त्याच्या ‘बाबा एकदम ठीक आहेत’ या सांगण्याला किती वजन द्यायचे हे पुढच्या डॉक्टरला ठरवता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट चाचणी. १९७५ ची एमएमएसई आणि २००५ ची मोका, या दोन्ही तीस गुणांच्या चाचण्या सर्वत्र चालतात. पण त्यांत शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरवणे अशी कामे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या आजींना त्यांत कमी गुण पडतात ते मेंदूमुळे नव्हे, पाटीमुळे. मोकामध्ये बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो, पण जिने कधी पेन्सिल धरली नाही तिला त्या एका गुणाने न्याय मिळत नाही. हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण निरक्षर वृद्धांसाठी तयार झालेली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन ही चाचणी याच अडचणीतून जन्मली. तिच्यात वजाबाकीऐवजी वारांची नावे उलट क्रमाने विचारतात. कोणतीही चाचणी वापरली तरी नुसता आकडा लिहू नये. ‘एमएमएसई २२’ याला अर्थ नाही. ‘एमएमएसई ३० पैकी २२, शिक्षण चौथी, गणितात ४ आणि तीन शब्द आठवण्यात ३ गुण गेले, ऐकू कमी येते, प्रश्न मोठ्याने विचारले’ याला अर्थ आहे. तारखेच्या प्रश्नावर इंग्रजी महिन्याऐवजी ‘आषाढ’ असे उत्तर आले, आणि आषाढ चालू असेल, तर ते बरोबरच धरायचे असते.

इथे एक सापळा आहे. तुकोबांची पालखी यवत, वरवंड, पाटस करत रोटी घाटातून बारामतीकडे जाते, त्या वाटेवरच्या गावांत पूर्ण हरिपाठ मुखोद्गत असलेली माणसे घरोघरी आहेत. ‘सगळे अभंग पाठ आहेत, मग विसरतात कसले?’ हा घरच्यांचा युक्तिवाद कानावर येतो आणि काही वेळा तोच नोंदीत उतरतो. साठ वर्षे रोज म्हटलेले पाठांतर आणि आज सकाळी कोण येऊन गेले याची आठवण, या मेंदूच्या वेगवेगळ्या कप्प्यांतल्या गोष्टी आहेत. एमसीआयमध्ये दुसरी जाते आणि पहिली शाबूत राहते. नोंद दुसरीची हवी.

तिसरी आणि निर्णायक गोष्ट रोजच्या व्यवहारांची. एमसीआय आणि डिमेन्शिया यांच्यातली रेघ इथे आखली जाते; गुणांवरून ती आखता येत नाही. छापील प्रश्नावल्यांत टेलिफोन वापरणे, खरेदी, चेकबुक असे प्रश्न असतात. पाटस परिसरातल्या माणसाला ते जसेच्या तसे विचारण्यात फारसे हशील नाही. ज्याने आयुष्यात चेक लिहिला नाही त्याला चेक लिहिता येत नाही, हे लक्षण नव्हे. त्याऐवजी विचारावे : उसाच्या टनाच्या पावत्या आणि कारखान्याच्या बिलाचा मेळ स्वतः घालतात का? डेअरीच्या दुधाचा दहा दिवसांचा हिशेब जुळतो का? शेतीपंपाची वीज रात्री येते त्या पाळीला मोटार चालू-बंद करण्याचे भान आहे का? दौंडला किंवा पुण्याला एकटे रेल्वेने जाऊन येतात का? रक्तदाबाची गोळी स्वतः घेतात, की कुणी हातात द्यावी लागते? आजींच्या बाबतीत प्रश्न वेगळे : विरजण लावायचे राहते का, भाजीत मीठ दोनदा पडते का, गॅस चालू राहिल्याचा प्रसंग घडला का, दिवाळीच्या फराळाचे प्रमाण अजून त्यांच्याच अंदाजाने घेतले जाते की सून ठरवते, भिशीचे पैसे कोणाचे आले आणि कोणाचे राहिले हे सांगता येते का?

उत्तरे लिहिताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. काम पूर्वीसारखे होते. काम होते पण वेळ लागतो, चिठ्ठी लिहून ठेवावी लागते, एखादी चूक होते. काम दुसऱ्याने करावे लागते. पहिल्या दोन पायऱ्यांवर असलेला माणूस एमसीआयच्या हद्दीत आहे. तिसरी पायरी, आणि तीही विसरण्यामुळे आलेली, डिमेन्शियाकडे बोट दाखवते. ‘विसरण्यामुळे’ हा शब्द नोंदीतून सुटू देऊ नये. गुडघेदुखीमुळे आजोबा शेतावर जात नाहीत, मोतीबिंदूमुळे पावती वाचता येत नाही, किंवा मुलाने कारभार हाती घेतला म्हणून हिशेब पाहत नाहीत, ही सगळी कारणे वेगळी आहेत. एकत्र कुटुंबात हा घोटाळा जास्त होतो. सून सगळे करते म्हणून सासूबाईंचे परावलंबन दिसतच नाही. किंवा उलट, सासूबाईंना करूच देत नाहीत म्हणून त्या परावलंबी वाटतात. अशा वेळी ‘करतात का’ यापेक्षा ‘करायला दिले तर जमेल का’ हे विचारून, तसेच लिहावे.

राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न उपयुक्त आहे, पण तो एमसीआय पकडत नाही. नातवाचे नाव विसरेपर्यंत माणूस बहुधा ती हद्द ओलांडून गेलेला असतो. या तक्त्यावरचे ‘नाही’ हे उत्तर केस पेपरवर ‘स्मरण उत्तम’ असे उतरवू नये.

बरे होणारे कारण आधी

एमसीआय हे बऱ्याचदा शेवटचे निदान नसते, कारण शोधायची सूचना असते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, झोपेतला श्वासअडथळा, दारू, कमी ऐकू येणे आणि काही औषधे, एवढ्यांची तपासणी झाली की नाही हे नोंदीत हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासातून बी-१२ ची कमतरता या भागात किती सर्रास आहे हे समोर आले. माळकरी, शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारा वृद्ध ही पाटसच्या पंचक्रोशीतली ओळखीची व्यक्तिरेखा आहे, आणि मेटफॉर्मिनने बी-१२ आणखी उतरते. म्हणून पातळीचा आकडा आणि तारीख दोन्ही लिहावे.

औषधांच्या यादीत सर्दी-खाजेसाठी घेतलेली जुन्या पिढीतली अ‍ॅलर्जीची गोळी, झोपेची गोळी, अमिट्रिप्टिलिन, कंपवातासाठीचे ट्रायहेक्सीफेनिडिल यांचा उल्लेख सुटू नये. ही औषधे स्वतःच स्मरण मंदावतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांचाही प्रश्न विचारावा. महामार्गावरचे गाव असल्याने डोक्याला मार लागल्याचा इतिहासही विचारायचा असतो. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून ‘तासभर शुद्ध नव्हती’ ही माहिती आपणहून कोणी देत नाही.

नोंदीचा फरक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. पहिली नोंद : ‘वय ७२, विसरतात, डिमेन्शिया?, गोळ्या दिल्या.’ दुसरी नोंद : ‘वय ७२, शिक्षण सातवी, शेतकरी. दीड वर्षापासून नुकत्या घडलेल्या गोष्टी विसरणे, हळूहळू वाढ. माहिती स्वतः आणि पत्नीकडून. कारखान्याचे बिल स्वतः तपासतात, पूर्वी एका बैठकीत होई, आता दोनदा करावे लागते. एकटे दौंडला जाऊन येतात. औषधे स्वतः घेतात. एमएमएसई ३० पैकी २५, आठवणीचे तिन्ही गुण गेले. मनःस्थिती ठीक. मधुमेह दहा वर्षे, मेटफॉर्मिन चालू. बी-१२ कमी (रिपोर्ट जोडला), थायरॉइड ठीक. मत : एमसीआय, स्मरणदोषाचा प्रकार, बी-१२ च्या कमतरतेमुळे असण्याची शक्यता; डिमेन्शिया नाही. सहा महिन्यांनी फेरतपासणी.’ दुसऱ्या नोंदीला चार मिनिटे जास्त लागतात. पहिलीतून मात्र कोडर, विमा कंपनी आणि कदाचित न्यायालय, तिघेही चुकीचा अर्थ काढू शकतात.

संकेत कोणते

जागतिक आरोग्य संघटनेचे दहावे वर्गीकरण, आयसीडी-१०, भारतात रूढ आहे. त्यात एमसीआयच्या जवळचा संकेत एफ ०६.७, ‘माइल्ड कॉग्निटिव्ह डिसऑर्डर’. त्याची अट अशी की हे निदान एखाद्या ठरावीक शारीरिक आजाराच्या संबंधातच करावे, आणि डिमेन्शिया वा डिलिरियम म्हणण्याइतकी तीव्रता नसावी. म्हणजे वरच्या उदाहरणात एफ ०६.७ सोबत बी-१२ च्या कमतरतेचा ई ५३.८ आणि मधुमेहाचा ई ११ गटातला संकेत लागेल. डॉक्टरांनी शारीरिक कारणाशी जोड लिहिलीच नसेल तर कोडरने ती स्वतः जुळवू नये. डॉक्टरांना लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत लक्षणाच्या पातळीवर थांबावे : विस्मरणासाठी आर ४१.३, इतर बोधनलक्षणांसाठी आर ४१.८. तपासणीत काहीच न आढळलेल्या, नुसती धास्ती घेऊन आलेल्या माणसासाठी झेड ७१.१ आहे; गावात डिमेन्शियाचा एक रुग्ण निघाला की असे चार जण दवाखान्यात येतात. ‘म्हातारपण’ म्हणून आर ५४ लावणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी पर्याय. ज्याचे कारण शोधता आले असते ते त्या संकेतात पुरले जाते.

अमेरिकेने आयसीडी-१० ची स्वतःची विस्तारित आवृत्ती केली आहे. तिच्यात जी ३१.८४ हा संकेत एमसीआयचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याचे शीर्षक बदलून ‘कारण अनिश्चित किंवा अज्ञात असलेले’ असे झाले, आणि कारण ठाऊक असेल तर वापरायला एफ ०६.७० (वर्तनातील बिघाडाशिवाय) आणि एफ ०६.७१ (वर्तनातील बिघाडासह) हे दोन नवे संकेत आले. या दोहोंच्या आधी मूळ आजाराचा संकेत लिहावा लागतो. अल्झायमरमुळे आलेली सौम्य अवस्था असेल तर आधी जी ३० गटातला संकेत, मग एफ ०६.७०. जी ३१.८४ आणि एफ ०६.७० एकत्र लावता येत नाहीत. पक्षाघातानंतरच्या बोधनदोषालाही जी ३१.८४ चालत नाही, त्याची जागा आय ६९ गटात आहे. वयपरत्वे येणाऱ्या साध्या मंदपणाला आर ४१.८१ वेगळा ठेवला आहे.

हा तपशील पाटसच्या वाचकाला दूरचा वाटेल, पण तसे नाही. पुण्यात अमेरिकी रुग्णालयांची बिले कोड करणाऱ्या कंपन्या आहेत आणि जीवशास्त्र, फार्मसी किंवा नर्सिंग शिकलेल्या तरुणांसाठी तो नोकरीचा एक मार्ग आहे. त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा फरक संशयित निदानाचा. अमेरिकी नियमांनुसार बाह्यरुग्ण विभागात ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ असे लिहिलेले निदान कोड करायचे नसते, लक्षणच कोड करायचे. आंतररुग्णाच्या डिस्चार्जला मात्र ते असल्यासारखे धरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांत संशयित निदान, दुसरी नेमकी माहिती नसेल तर, निश्चित असल्यासारखे कोड होते. तोच ‘डिमेन्शिया?’ हा शब्द अशा रीतीने दोन ठिकाणी दोन संकेत जन्माला घालतो. प्रश्नचिन्हाने जबाबदारी टळत नाही, फक्त पुढच्या माणसावर ढकलली जाते.

याच दोन याद्यांच्या सरमिसळीतून एक चूक होऊ शकते. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकी यादी भरलेली असते. कर्मचारी ‘एमसीआय’ शोधून जी ३१.८४ निवडतो, पुढे शासकीय अहवालासाठी संकेत चार अक्षरांवर तोडला जातो आणि उरतो जी ३१.८. जागतिक यादीत या खणात लेवी बॉडी आजारासारखे मेंदूच्या ऱ्हासाचे विकार आहेत. बी-१२ च्या इंजेक्शनांनी सुधारू शकणारा माणूस आकडेवारीत न सुधारणाऱ्या आजाराचा रुग्ण म्हणून जमा होतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये कोणती यादी आहे, ही पहिली चौकशी नोंदविभागाने करावी.

अकरावे वर्गीकरण, आयसीडी-११, मे २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात ही अवस्था ६डी७१, ‘माइल्ड न्यूरोकॉग्निटिव्ह डिसऑर्डर’, म्हणून स्वतंत्र उभी आहे. शारीरिक कारण माहीत असेल तर तिरकी रेघ मारून जोडता येते : ६डी७१/५बी५एफ म्हणजे बी-१२ च्या कमतरतेसोबतची अवस्था. अवस्था स्थिर राहू शकते, वाढू शकते किंवा कारणावर उपचार झाल्यास निवळूही शकते, हे त्या वर्णनातच मान्य केले आहे. आयसीडी ही आकडेवारीची भाषा आहे. डॉक्टरांच्या प्रत्यक्ष नोंदीसाठी स्नोमेड सीटी ही तपशीलवार संज्ञावली आहे. भारत २०१४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. भारतात वापरासाठी ती विनामूल्य मिळते. गावातल्या छोट्या दवाखान्याचे सॉफ्टवेअर निवडताना त्यात ही संज्ञावली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

पैसा, विमा आणि जमीन

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. एमसीआयचे बहुतेक काम बाह्यरुग्ण विभागातले, त्यामुळे संकेत बरोबर असला तरी या योजनांतून थेट पैसे मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. खासगी विम्याचे वेगळे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीला मानसिक आजाराच्या उपचाराची तरतूद शारीरिक आजाराप्रमाणेच करावी लागते. नवी पॉलिसी घेताना झालेले निदान लपवू नये. ते पिशवीतल्या जुन्या चिठ्ठीत नंतर सापडतेच. मात्र झालेले नसलेले निदान चिठ्ठीत असू नये. एमसीआयच्या रुग्णाला डोनेपेझिल हे डिमेन्शियावरचे औषध सुरू केले की दावा तपासणारा त्यावरून डिमेन्शिया गृहीत धरू शकतो. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार एमसीआयमध्ये अशा औषधांच्या फायद्याचा पुरावा नाही आणि नियमित व्यायाम मात्र सुचवावा. तरीही गोळी दिली असेल तर कशासाठी, हे लिहावे.

खरा तंटा होतो तो जमिनीवरून. महामार्गालगतच्या गुंठ्याला भाव आला की मृत्युपत्रे, बक्षीसपत्रे आणि हक्कसोडपत्रे वाढतात, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर एखादा भाऊ केस पेपर घेऊन वकिलाकडे जातो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ५९ नुसार मृत्युपत्र करणारा सुदृढ मनाचा हवा. कराराबाबत भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२ तेच सांगते. एमसीआय असलेला माणूस सामान्यतः या दोन्ही कसोट्यांवर उतरतो. त्याला सही करण्याचा अधिकार आहे. पण केस पेपरवर घाईत लिहिलेला ‘डिमेन्शिया’ हा शब्द त्याच्या सहीवर शंका उभी करायला पुरतो. शंकास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या वेंकटचला अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले आहे.

दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी डॉक्टरांचा दाखला घेण्याची पद्धत आहे. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ एवढा शिक्का असलेला दाखला फारसा टिकत नाही. सक्षमता ही त्या दिवसाची आणि त्या कामाची असते. दाखल्यात तारीख, वेळ, सोबत कोण होते आणि प्रश्न विचारताना ते खोलीबाहेर होते का, हे लिहावे. मग माणसाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले ते लिहावे : आपली जमीन कुठे आणि अंदाजे किती, वारस कोण, कोणाला काय द्यायचे आहे आणि का, न दिल्यास कोण नाराज होईल. ज्याला हे शेवटचे उत्तर सांगता येते त्याच्या समजुतीबद्दल फारशी शंका उरत नाही.

फेरतपासणी आणि शेवटची नोंद

एमसीआयचा संकेत कायमचा नाही. वर उल्लेख केलेल्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार पासष्टीपुढच्या एमसीआयच्या रुग्णांपैकी सुमारे १४.९ टक्के दोन वर्षांत डिमेन्शियाकडे जातात. बाकीच्यांत काही तिथेच राहतात, काही पुन्हा नेहमीसारखे होतात. म्हणून सहा महिन्यांनी ते वर्षाने तीच चाचणी, शक्य तर त्याच भाषेत आणि त्याच माहितीदारासमोर घ्यावी आणि जुना आकडा शेजारी लिहावा. दरवेळी जुन्या नोंदीतले ‘एमसीआय’ नुसते उतरवून घेणे ही संगणकावरच्या नोंदींची नेहमीची खोड आहे. सुधारणा झाली असेल तर ‘बी-१२ उपचारानंतर चाचणी ३० पैकी २८, तक्रार नाही, एमसीआयचे निदान मागे घेतले’ असे शब्दांत लिहावे. नाहीतर आभा या डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडलेली जुनी नोंद माणसाबरोबर फिरत राहते. बिघाड झाला असेल तर कोणते काम, कोणत्या महिन्यापासून, दुसऱ्याला करावे लागते, हे लिहून मगच डिमेन्शियाच्या संकेताकडे, एफ ०० ते एफ ०३, जावे.

शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएम रुग्णालय संशोधन केंद्र २००२ पासून गावागावांतल्या घरांची नियमित आरोग्य-लोकसंख्या नोंद ठेवत आले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्यविषयक सेज अभ्यासातही ते सहभागी होते. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा भेटून नोंद ठेवणे ग्रामीण भागात शक्य आहे, याचे हे शेजारचेच उदाहरण. दवाखान्याला एवढा पसारा नको. साठीपुढच्या रुग्णांची एक वही आणि फेरतपासणीच्या तारखा पुरतात.

घरच्यांनी मूळ कागद रुग्णालयात जमा करण्याआधी प्रती काढून ठेवाव्यात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षांनंतर एमसीआयच्या सुरुवातीचा पुरावा फक्त घरातल्या पिशवीत उरलेला असू शकतो.

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, रुग्णालयासाठीच्या नमुना ४ मध्ये किंवा घरी झालेल्या मृत्यूसाठीच्या नमुना ४-अ मध्ये, एमसीआय मूळ कारण म्हणून लिहू नये. या अवस्थेने कोणी दगावत नाही. मृत्यूला कारण झालेला आजार पहिल्या भागात क्रमाने येतो. एमसीआयचा त्याच्याशी खरोखर संबंध असेल, उदाहरणार्थ इन्सुलिनचा डोस विसरून दुसऱ्यांदा घेतला गेला असेल, तरच त्याचा उल्लेख दुसऱ्या भागात करावा.